सात नंबरच्या बसमधल्या लुएलाबाई

सिंगापूरच्या बसमध्ये कंडक्टर नसतो, ही गोष्ट माझ्या मुलीनं मला फोनवर मुद्दामच सांगितली नव्हती. मी चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. बाबांना वाईट वाटेल, असं तिला वाटलं असावं. विमानतळावरून एम.आर.टी.नं (तिथली शहरभर धावणारी रेल्वे) आम्ही क्लेमेंटीला उतरलो आणि घरापर्यंतच्या चार स्टॉपसाठी बसमध्ये चढलो. मी सवयीनं दाराशीच थांबलो आणि मागे वळून पाहिलं, सगळे चढले का. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मुग्धा म्हणाली, "बाबा, पुढे सरका. इथे बेल मारायची जबाबदारी तुमची नाही."

दोन हजार चौदा सालचा फेब्रुवारी होता. मुग्धा तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होती, म्हणजे पीएच.डी. झाल्यानंतरचं संशोधन. बाराव्या मजल्यावरच्या सरकारी फ्लॅटमध्ये तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि "एकटे साताऱ्यात काय करता, दोन महिने इकडे या," असं तिनं इतक्यांदा म्हटलं, की शेवटी मी पासपोर्ट काढला.

पहिला आठवडा मी खिडकीशी बसून काढला. खाली एकसारख्या उंच इमारती आणि त्यांच्यामधून वाकलेली मोठमोठी पावसाळी झाडं. दुपारी ठरल्या वेळेला आल्यासारखी सर यायची, रस्ता धुऊन निघून जायची. मुग्धा सकाळी आठला प्रयोगशाळेत गेली की संध्याकाळी सातला यायची. एका सकाळी तिनं बसचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "चढताना टेकवायचं, उतरताना टेकवायचं. कुठेही जा. हरवलात तर फोन करा."

मग काय, मी रोज बसमध्ये बसू लागलो. कुठे जायचं म्हणून नव्हे, बसायचं म्हणून. आयुष्यभर मी बसमध्ये उभा होतो.

सात नंबरची बस क्लेमेंटीहून निघते आणि सगळं शहर ओलांडून पूर्वेला बेडोकला जाते. आधी झाडीतला शांत रस्ता, मग ऑर्चर्ड रोडची चकचकीत दुकानं, मग जुन्या दुमजली घरांच्या रांगा, आणि शेवटी पुन्हा सरकारी इमारती. पहिल्याच मंगळवारी वातानुकूलित गारव्यात मला अशी गाढ झोप लागली, की शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरनं येऊन खांदा हलवला. "अंकल, लास्ट स्टॉप, ला," असं काहीसं तो म्हणाला (वाक्याच्या शेवटी 'ला' जोडायची तिथल्या लोकांना सवयच आहे). शेवटच्या स्टॉपवर झोपलेले प्रवासी मी हजारो उठवले असतील. आपल्याला कुणीतरी उठवण्याची ही पहिलीच वेळ.

बेडोकला स्टँडच्या जवळच हॉकर सेंटर आहे (एका मोठ्या छपराखाली तीसचाळीस खाण्याचे ठेले आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं). मी 'कॅरट केक' मागितला. नावात गाजर असलं, तरी ताटात आल्या त्या मुळा नि तांदळाच्या पिठाच्या वड्या, अंड्यात परतलेल्या, तिखट आणि फार चवदार. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. कुणीतरी विसरलं असेल असं समजून मी तिथे बसलो, पाकीट फोडलं आणि घाम पुसला.

"एक्स्क्यूज मी," मागून आवाज आला. वळून पाहिलं तर एक उंच, काळ्या वर्णाच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाई, हातात ट्रे. "ते माझं पाकीट आहे. म्हणजे, ते टेबल."

तिथे रुमालांचं पाकीट ठेवून जागा धरतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी ताट उचलून धडपडत उभा राहिलो. सॉरी, सॉरी एवढंच तोंडातून निघत होतं.

"बसा हो, बसा," बाई म्हणाल्या. "मी आजवर कुणाला जागेवरून उठवलेलं नाही. पंचाहत्तराव्या वर्षी सुरुवात करायचा विचार नाही."

अशी माझी लुएलाबाईंशी ओळख झाली. माझं इंग्रजी डेपोतलं, त्यांचं अमेरिकेच्या दक्षिण भागातलं, शब्द ओढून बोलायचं. पण त्या सावकाश बोलत आणि मी न लाजता पुन्हा विचारत असे. त्यांचे शब्द मी इथे मराठीत लिहितो आहे, तेवढी मोकळीक वाचकांनी द्यावी. त्या निवृत्त शाळामास्तरीण होत्या. नवरा वारल्यावर मुलाकडे राहायला आल्या होत्या, आणि मुलगा मुग्धाच्याच विद्यापीठात शिकवत होता. घर क्लेमेंटीलाच. त्यासुद्धा वेळ जावा म्हणून सात नंबरनं फिरायच्या.

"आणि तुम्ही काय करत होता?" त्यांनी विचारलं.

"बस कंडक्टर."

त्यांचा चमचा हवेतच थांबला. क्षणभर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझं काही चुकलं का असं मला वाटलं. मग त्या हसल्या. "मग आपण एकाच धंद्यातले, मिस्टर कंडक्टर. मी सोळा वर्षांची असताना एक बससेवा चालवायची. फक्त आमच्याकडे बस नव्हती."

ही गोष्ट त्यांनी मला एकदम नाही सांगितली. पुढचे चार मंगळवार आम्ही सात नंबरनं बेडोकला जात होतो आणि येत होतो, त्या खेपांमध्ये थोडीथोडी सांगितली.

त्यांचं गाव लहान. गावातल्या बसमध्ये पुढच्या सीट गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या. पुढे गर्दी झाली, की मागच्यांनीही उठायचं. काळ्या बायका पुढच्या दाराशी पैसे द्यायच्या, मग खाली उतरून मागच्या दारानं चढायच्या. आणि एखादा ड्रायव्हर त्या मागच्या दाराशी पोचायच्या आतच गाडी हाकायचा. हे ऐकताना मी सीटचा दांडा घट्ट धरला. प्रवासी चढायच्या आत गाडी सोडणं, यापेक्षा मोठं पाप आमच्या धंद्यात नाही.

"मोठ्या शहरातल्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याचं आमच्या कानावर आलं होतं," त्या म्हणाल्या. "आमचं गाव कुठल्याही पुस्तकात नाही. पण आम्हीही टाकला. सात महिने एकही काळा माणूस बसमध्ये चढला नाही."

लुएलाबाईंची आई एका गोऱ्या कुटुंबात स्वयंपाक करायची. बहुतेक बायका तशाच, कुणी स्वयंपाकाला, कुणी धुण्याला, आणि सगळ्यांची कामं गावाच्या दुसऱ्या टोकाला. जमेल त्या चालत. ज्यांना चालवत नव्हतं त्यांच्यासाठी चर्चच्या अंगणात मोटारी उभ्या राहायच्या, ज्याच्याकडे असेल त्याची. लुएलाबाईंच्या मामाची एक जुनी मोटार होती आणि मामाला कारखान्यातून सुटका नव्हती. म्हणून सोळा वर्षांच्या भाचीनं गाडी चालवायला घेतली. कोण कुठून चढणार, कोण कुठे उतरणार, सकाळच्या किती खेपा, सगळं तिनं शाळेच्या वहीत आखलं होतं.

"म्हणजे चार्ट!" मी म्हणालो.

"तुम्ही म्हणाल ते. माझी गाडी एकदाही उशिरा गेली नाही."

पोलीस रोज अडवायचे. कधी दिवा नीट नाही म्हणून, कधी वळताना हात दाखवला नाही म्हणून. एक दिवस 'गाडी फारच हळू चालवते' म्हणून तिला पकडलं आणि कोठडीत टाकलं. गाडीतल्या पाच बायका रस्त्यावर उतरल्या आणि पोलीसठाण्यापर्यंत तिच्यामागे चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी सुटली, तोवर गोष्ट आईच्या मालकिणीपर्यंत पोचली होती. आईचं काम गेलं.

"मी रडत घरी आले," लुएलाबाई म्हणाल्या. "वाटलं, आई बोलेल. आई इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, 'मग आता तुझ्या गाडीत एक जागा रिकामी झाली. उद्या कुणाला तरी घे.'"

एवढं सांगून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.  सात महिन्यांनी बस कंपनीनं हार मानली. पहिल्या दिवशी मायलेकी पुढच्या दारानं चढून पहिल्या सीटवर बसल्या. आईला कुठे जायचंच नव्हतं. तिच्याकडे काम नव्हतं. ती नुसती शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली आणि परत आली.

"आता इथे तर पहिली सीट म्हाताऱ्यांसाठी राखीवच असते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा ती पाटी वाचली, तेव्हा मला इतकं हसू आलं, की मुलाला वाटलं आईचं डोकं फिरलं."

चौथ्या मंगळवारची गोष्ट मात्र मला सांगायला जड जाते.

त्या दिवशी परत येताना बस भरलेली होती. लुएलाबाई पुढच्या राखीव सीटवर, मी समोरच्या सीटवर, शेजारच्या जागेवर माझी पिशवी. मध्ये एका स्टॉपवर एक बांधकाम मजूर चढला. सिमेंटनं माखलेले कपडे, हातात पिवळं हेल्मेट, थकून डोळे मिटत होते. दांड्याला धरून तो उभा राहिला. बसनं झोका खाल्ला तसा तो एका नीटनेटक्या कपड्यातल्या माणसाला घासला. त्या माणसानं बाही झटकली. "गो बॅक, गो बॅक, ला. यू सो डर्टी," तो मोठ्यानं म्हणाला आणि बोटानं बसची मागची बाजू दाखवली.

मजुरानं मान खाली घातली. सगळे आपापल्या फोनमध्ये. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. आपण परक्या देशात, मुलीच्या इथल्या कामाच्या परवान्यावर परिणाम होईल, उगाच कशाला. अशी कारणं माणसाला किती झटकन सुचतात!

लुएलाबाई उठल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे दांडा धरून उठायला त्यांना वेळ लागला. त्या मजुराला म्हणाल्या, "बेटा, इथे बस." तो घाबरून नको नको म्हणू लागला. "मग मीही उभी राहते," त्या म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. बाही झटकणाऱ्या माणसाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं ते माझ्याकडे. मग माझ्या पिशवीकडे.

मी पिशवी उचलली. "बैठो भाई," मी हिंदीत म्हणालो. तो बांगलादेशचा होता, पण त्याला हिंदी समजत होती. "कपडा मैला है, अंकल," तो हळूच बोलला. "बैठो," मी पुन्हा म्हणालो. तो माझ्या शेजारी अंग चोरून बसला. मगच लुएलाबाई बसल्या. तो उतरून गेल्यावर माझ्या सदऱ्याच्या बाहीवर सिमेंटची धूळ राहिली होती. ती मला झटकवेना.

क्लेमेंटीला उतरल्यावर स्टँडजवळच्या ठेल्यावर आम्ही तेह तारिक घेतला (उंचावरून ओतून फेस आणलेला दुधाचा चहा). आणि चाळीस वर्षांत मी जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते त्या बाईंना सांगितलं.

मी नोकरीला नवीन, रोजंदारीवरचा कंडक्टर. सातारा जिल्ह्यातल्या एका आडरस्त्यावरची गाडी, आठवडी बाजाराचा दिवस. वाघजाईवाडीच्या फाट्यावर एक वयस्क गृहस्थ चढले आणि पुढच्या सीटवर बसले. तिकीट घेतलं. पुढच्या गावाला तिथले पाटील चढले. गाडीत जागा नव्हती. पाटलांनी त्या माणसाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "ह्याला उठीव. कोण आहे ठाऊक आहे ना? महारवाड्यातला आहे."

मला ठाऊक नव्हतं. पण मी मराठा, पाटील मराठा, आणि मी रोजंदारीवर. मी त्या माणसाला म्हणालो, "बाबा, मागं जाऊन उभे राहा."

ते म्हणाले, "तिकीट काढलंय मी."

"आहे हो, पण वाद नको. उठा."

ते उठले. मागे मात्र गेले नाहीत. दाराशी येऊन म्हणाले, "थांबवा गाडी." मी घंटी मारली. निम्म्या वाटेत, माळावर ते उतरले, आणि मी पुन्हा दोनदा घंटी मारली. पाटील बसले. गाडी निघाली.

लुएलाबाई ऐकत होत्या. चहा निवून गेला. मी म्हणालो, "मला माफ करा."

"ते मला नाही करता येणार," त्या म्हणाल्या. "ते माझ्या हातात नाही. तो माणूस मी नव्हे."  "पण एक सांगते. आमच्या गावात त्या बसवर सात ड्रायव्हर होते. मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. पुढे आम्ही एकाच बाजारात भाजी घ्यायचो, एकाच बँकेत रांगेत उभे राहायचो. साठ वर्षांत त्यांतला एकही येऊन मला म्हणाला नाही की हो, मी ते केलं. मी वाट पाहत होते. तुम्ही पहिले." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्यांचं नाव काय होतं?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घ्या."

निघायच्या आदल्या दिवशी मुग्धानं त्यांना जेवायला बोलावलं. तिनं पुरणपोळी केली होती, थोडी जाड झाली होती. लुएलाबाईंनी तीन खाल्ल्या. जाताना त्या मुग्धाला म्हणाल्या, "तुझे बाबा चांगले प्रवासी आहेत. फक्त बसमध्ये झोपतात."  माझा नुसता हात हातात घेतला, घट्ट.

घरी आल्यावर पंधरा दिवस मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मग एका सकाळी एस.टी. पकडून वाघजाईवाडीच्या फाट्यावर उतरलो. तिथल्या चहावाल्याला विचारलं, चाळीस वर्षांपूर्वी असे असे एक गृहस्थ. त्यानं वस्तीतल्या हिराबाईंकडे पाठवलं. साठीच्या बाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांचा हात शेंगांवर थांबला.

"तो कंडक्टर तुम्ही होय?" त्या म्हणाल्या.

"होय."

"किसन धोंडी कांबळे. माझा बाप." त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सरकवली. "त्या दिवसानंतर आबानं येष्टीत पाय ठेवला नाही. बाजार दोन कोस लांब. जाताना चालत, येताना डोक्यावर ओझं घेऊन चालत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्या, गाडी हाय की. आबा म्हणायचा, जिथं तिकीट काढून पण जागा माझी नाय, त्या गाडीत मी बसत नाय. अकरा वर्षं. शेवटी दवाखान्यात न्यायचं होतं, तर म्हणाला बैलगाडीनं न्या."

त्या रस्त्यावर मी पुढे आठ महिने ड्यूटी केली. बाजारच्या दिवशी कडेनं चालणारी माणसं असायचीच. त्यांत ते असणार. मी कधी नीट पाहिलं नाही.

मी ओट्याखाली उभाच होतो. हिराबाई उठून आत गेल्या. आता दार लावतील, असं मला वाटलं. त्या एका मुलीला घेऊन बाहेर आल्या, कॉलेजात शिकणारी नात, हातात पुस्तक.

"हिला सांगा," त्या म्हणाल्या. "मी सांगते तर हिला वाटतं आजी वाढवून बोलते. तुम्ही तिथं होता. तुम्ही सांगा. बसा इथं."

मी ओट्यावर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुलीनं एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना उठवलं नसतं, तर तुमची नोकरी गेली असती का?"

चाळीस वर्षं मी स्वतःला 'हो' म्हणून सांगत आलो होतो. मी म्हणालो, "नाही. बहुतेक नाही."

तिनं मान हलवली. हिराबाईंनी चहा आणला. आम्ही तिघं चहा प्यायलो. माफीचा शब्द कुणी काढला नाही, मीही नाही. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "आलात, बरं केलंत. आबाचं नाव आता घरच्यांशिवाय आणखी एकाला ठाऊक झालं."

एकाला नव्हे. त्याच आठवड्यात मी मुग्धाला सगळं लिहून पाठवलं आणि तिनं ते लुएलाबाईंना इंग्रजीत वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणे त्यांनी ते नाव तीनतीनदा म्हणून घेतलं, उच्चार नीट बसेपर्यंत. किसन धोंडी कांबळे. मग म्हणाल्या, "आमच्या पाठीशी सगळं गाव होतं. चर्च होतं, मोटारी होत्या. हा माणूस एकट्यानं चालला."

मी त्या प्रवासाला मुलीला भेटायला गेलो होतो. तिला भेटलो, तिच्या हातचं जेवलो, समुद्र पाहिला, बसमध्ये पोटभर बसलो. त्या सगळ्याबद्दल मी आभारी आहे. पण सर्वांत जास्त आभारी आहे तो बेडोकच्या त्या टेबलाशी मला 'बसा' म्हणणाऱ्या बाईंचा. त्यांनी माझं ओझं उतरवलं नाही. ते कुठे नेऊन द्यायचं, तेवढं सांगितलं.